सातवीनंतर हायस्कूलला आलात? मंडळं, स्पर्धा, सहल आणि गॅदरिंगचं वर्ष असं सांभाळा

गावातली जिल्हा परिषदेची शाळा सातवीला संपते आणि आठवीला सातारा, कराड, सांगली, मिरज नाहीतर तालुक्याच्या गावातलं हायस्कूल सुरू होतं. वर्गातली निम्मी मुलं पाचवीपासून तिथलीच असतात. शिपाईमामा सूचनावही घेऊन येतात, बाई भरभर वाचतात, मागच्या बाकावर निम्मंच ऐकू येतं आणि नाव द्यायची तारीख निघून जाते. जुन्या मुलांना हे सगळं पाठ असतं, कारण त्यांनी तीन वर्षं बघितलेलं असतं. नव्यांसाठी ते इथे क्रमाने दिलं आहे.

शाळेचं हे वर्ष जून ते जानेवारी असंच धरा. फेब्रुवारीत दहावीच्या परीक्षांची गडबड सुरू झाली की नववीपर्यंतच्या मुलांकडेही बघायला कुणाला वेळ नसतो.

१. जूनमध्ये कागदांची फाईल करा

चांगलं गाणारा, पळणारा किंवा बोलणारा मुलगा मागे राहतो तो बहुतेक वेळा कागदापायी. पालकांनी पहिल्या पंधरवड्यातच एक प्लास्टिकची फाईल करून द्यावी. तिच्यात हे ठेवा:

- बोनाफाईड दाखला, दोन प्रती
- जन्मदाखल्याच्या आणि आधार कार्डाच्या झेरॉक्स, प्रत्येकी पाच
- गणवेशातले पासपोर्ट फोटो, आठ
- मुलाच्या किंवा मुलीच्या स्वतःच्या नावावरच्या बँक खात्याच्या पासबुकाची झेरॉक्स
- रक्तगट, चालू औषधं आणि घरातल्या दोघांचे मोबाईल नंबर लिहिलेला एक कागद

बँक खातं नसेल तर आत्ताच उघडा. बक्षिसाची किंवा निवडीची रक्कम हल्ली थेट खात्यावर येते आणि खातं उघडायला ऐनवेळी दोन आठवडे कसे जातात ते कळत नाही.

नेहमीची अडचण नावाची. शाळेच्या जनरल रजिस्टरला वडिलांचं नाव पूर्ण, आधारला नुसतं आद्याक्षर. किंवा जन्मतारखेत एका दिवसाचा फरक. वर्गात कुणाचं काही बिघडत नाही, पण जिल्ह्याच्या स्पर्धेचा अर्ज तिथेच अडकतो. सातवीचा दाखला जमा करण्याआधीच त्यावरचं, जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं अशी तिन्ही नावं शेजारी ठेवून अक्षर-अक्षर जुळवा. चूक आढळली तर क्लार्कसाहेबांना जूनमध्ये भेटा, सप्टेंबरमध्ये नको.

२. मंडळ निवडताना आधी एसटीचं वेळापत्रक बघा

साधारण जुलैत नावं घेतात. बऱ्याच शाळांत पुढचे पर्याय असतात: शालेय मंत्रिमंडळ, वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, हरित सेना, स्काऊट-गाईड, एनसीसी, आरएसपी, लेझीम किंवा बँड पथक. सगळीकडे नाव देण्याचा मोह होतो. देऊ नका. आठवड्यात सराव लागणारं एक आणि अधूनमधून काम असणारं एक, एवढंच घ्या.

सराव बहुतेक शाळा सुटल्यावर असतो. साडेपाचला सुटणारा सराव आणि पावणेसहाची गावाकडची गाडी हे गणित जमत नसेल तर पहिल्याच दिवशी सरांना सांगा. सर बहुधा सकाळचा सराव देतात किंवा शनिवारी बोलावतात. न सांगता तीनदा लवकर निघून गेलं की नाव कापलं जातं, आणि मग कारण सांगून उपयोग नसतो. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतला एसटीचा मोफत पास मिळतो, मुलांना सवलतीचा. दोन्ही पास घर ते शाळा एवढ्याच मार्गाचे असतात. स्पर्धा दुसऱ्या गावी असेल तर तिकिटाचे पैसे बरोबर हवेत.

एनसीसीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे संधी एकदाच येते. हायस्कूलच्या मुलांची भरती आठवीत होते, प्रशिक्षण दोन वर्षांचं असतं आणि शेवटी 'ए' प्रमाणपत्राची परीक्षा. परीक्षेला बसायला परेडची ७५ टक्के हजेरी आणि एक शिबिर लागतं. शिबिर दहा दिवसांचं असतं आणि मुक्कामी असतं, हे घरी आधीच सांगून ठेवा. शिबिराच्या आदल्या आठवड्यात आजी "एवढे दिवस पोरगं बाहेर नको" म्हणाली की दोन वर्षांची मेहनत वाया. जागा ठरलेल्या असतात. निवडीच्या दिवशी धावायला लावतात, उंची बघतात, त्यामुळे पायात चप्पल घालून जाऊ नका.

स्काऊट-गाईडला अशी चुरस नसते. प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान अशी पायरी चढत जायचं असतं. गाठी, प्रथमोपचार, तंबू ठोकणं ज्यांना आवडतं त्यांनी इकडे यावं. आरएसपी म्हणजे रस्ता सुरक्षेचं पथक, काम थोडं आणि शिट्टी मोठी.

शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक मजेची असते. पण सगळे मुख्यमंत्रिपदामागे धावतात. नव्या मुलाने सांस्कृतिक किंवा सहल खातं मागावं. या खात्यांचा संबंध थेट शिक्षकांशी येतो आणि गॅदरिंगपर्यंत अख्खी शाळा तुम्हाला ओळखायला लागते.

३. दिनविशेषांच्या तारखा आत्ताच वहीत लिहा

वक्तृत्व, निबंध, भित्तिपत्रक या स्पर्धा अचानक येत नाहीत. दरवर्षी त्याच तारखांना येतात. १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंती. १९२० सालचा तो एकच दिवस, आणि अण्णा भाऊ आपल्या वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. तरीही दहापैकी आठ मुलं टिळकांवरच, तेही शेंगांच्या टरफलांवर बोलतात. परीक्षकांना नववं भाषण ऐकवण्यापेक्षा अण्णा भाऊ घ्या.

२२ सप्टेंबर कर्मवीर भाऊराव पाटील जयंती, रयतच्या शाळांत हा मोठा दिवस. रयत शिक्षण संस्थेची स्थापना १९१९ मध्ये कराडजवळच्या काल्यात झाली, एवढं तरी भाषणात बरोबर सांगा. १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन. ३ जानेवारी सावित्रीबाई फुले जयंती, आणि त्यांचं नायगाव सातारा जिल्ह्यातलं. २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन. सप्टेंबरमध्ये वडूज आणि इस्लामपूरच्या १९४२ च्या हुतात्म्यांचे स्मृतिदिन येतात. भित्तिपत्रकाला याहून चांगला स्थानिक विषय सापडणार नाही, कारण माहिती सांगणारी घरं अजून तालुक्यात आहेत.

पाच मिनिटांच्या भाषणाला सुमारे पाचशे शब्द पुरतात. मुलं हजार शब्द लिहून आणतात, घाईने बोलतात आणि घंटा वाजल्यावर शेवट गुंडाळतात. चौथ्या मिनिटाला इशाऱ्याची आणि पाचव्याला शेवटची घंटा असते, तर चार मिनिटं चाळीस सेकंदांत संपेल असं बसवा. घरी मोबाईलवर वेळ लावून, उभं राहून म्हणा. बसून म्हटलेलं भाषण नेहमी लवकर संपतं.

भित्तिपत्रकाला चार पूर्ण कार्डशीट घ्या. मजकूर थेट कार्डशीटवर लिहू नका. वेगळ्या कागदावर लिहून चिकटवा, म्हणजे एक चूक झाली तर अख्खं पान जात नाही. अक्षर सहा फुटांवरून वाचता आलं पाहिजे. डिंकापेक्षा फेव्हिकॉल बरा, पण पातळ बोटभरच, जास्त झाला की पावसाळी हवेत कागदाला सुरकुत्या येतात.

सांगली, मिरज आणि कृष्णाकाठच्या गावांसाठी एक जादा सूचना. जुलैअखेर ते ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कुठलाही मोठा कार्यक्रम पक्का धरू नका. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी. त्याच्याही आधी सखल भागातल्या मुलांची येजा बंद होते, आणि शाळेच्या खोल्या स्थलांतरितांसाठी लागतात. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी हेच झालं. सामान वरच्या मजल्यावर ठेवा आणि पर्यायी तारीख आधीच ठरवा.

४. खेळ: वयोगट आधी, खेळ नंतर

शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात. वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. आठवीतली मुलं बरोबर सीमेवर असतात. जन्मतारखेची मर्यादा १ जानेवारीला धरतात, त्यामुळे एकाच बाकावरची दोन मुलं वेगवेगळ्या गटांत जाऊ शकतात. १४ खालच्या गटात बसत असाल तर हे शेवटचं वर्ष असेल, तेव्हा याच वर्षी जोर लावा. पुढच्या वर्षी दहावी-अकरावीच्या पोरांशी गाठ आहे.

कबड्डी, खो-खो आणि कुस्तीला आपल्याकडे नावं भरपूर येतात आणि संघ आधीच बसलेले असतात. नव्या मुलाला मैदानी खेळात, म्हणजे गोळाफेक, थाळीफेक, लांब उडी, चालणे यांत जागा लवकर मिळते. स्पर्धेच्या दिवशी ओळखपत्र, मूळ जन्मदाखला, खेळाचे बूट, पाण्याची बाटली आणि घरचा डबा घ्या. स्टेडियमबाहेरचा वडापाव खाऊन आठशे मीटर पळायला उतरणारे दरवर्षी दिसतात, आणि त्यांचं काय होतं तेही दिसतं.

५. विज्ञान प्रदर्शन आणि इन्स्पायर

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रदर्शनात तयार उपकरण मांडायचं असतं. इन्स्पायर अवॉर्ड मानक या केंद्र सरकारच्या योजनेत आधी फक्त कल्पना ऑनलाइन पाठवायची असते, ती शाळेमार्फतच जाते आणि निवड झाली तर उपकरण करायला विद्यार्थ्याच्या खात्यावर १०,००० रुपये येतात. शाळेला मोजक्याच कल्पना पाठवता येतात, म्हणून शाळेतल्या शाळेतच चाळण लागते. जुलैत विज्ञानाच्या सरांना एका पानावर तीन गोष्टी लिहून द्या: अडचण कुणाची आहे, सध्या ती कशी भागवतात, आणि तुमचं उपकरण काय वेगळं करेल.

इंटरनेटवरून उचललेला "पाऊस आला की वाजणारा अलार्म" परीक्षकांनी शंभरदा पाहिलेला असतो. द्राक्षबागेत, हळदीच्या शिजवणीत, उसाच्या तोडणीत, गोठ्यात रोज दिसणारी एखादी कटकट घ्या. हळद शिजवताना कायलीजवळ उभं राहणाऱ्या माणसाला वाफ लागते, ही अडचण सांगलीच्या पोराला दिसते, पुस्तकात सापडत नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी सेल दुप्पट न्या. सोबत सोल्डरिंगची वायर, इन्सुलेशन टेप, पक्कड आणि दहा फुटांची एक्स्टेन्शन. मांडलेलं उपकरण प्रवासातच तुटतं. टेम्पोत खाली चादर टाका, उपकरण मांडीवर घेऊन बसू नका.

६. सहल

सहल बहुतेक दिवाळीनंतर ते जानेवारी. परवानगी काढणं शाळेचं काम, पण संमतीपत्र तुमचं. ते सही करून उशिरा आलं की गाडीतली जागा दुसऱ्याला जाते. एसटीची गाडी शालेय सहलीला निम्म्या दरात मिळते, म्हणून शाळा खासगी गाडीऐवजी तीच घेते. मुली असतील तर शिक्षिका बरोबर असतातच. घरी कुणी काळजीत असेल तर हे सांगा.

गाडी लागणाऱ्या मुलांनी प्रवासाआधी पोटभर खाऊ नये, चाकावरची आणि मागची सीट टाळावी, दोन कॅरीबॅग खिशात ठेवाव्यात. प्रतापगड, महाबळेश्वर, कोयना या बाजूंना घाट आहे, तिथे तर हे हवंच. कासचं पठार सहलीच्या काळात कोरडं असतं. फुलं सप्टेंबरच्या आसपास असतात, तेव्हा "कासला जाऊ" असं डिसेंबरमध्ये सुचवू नका. जवळची आणि स्वस्त ठिकाणं शोधत असाल तर औंधचं वस्तुसंग्रहालय, सज्जनगड, सागरेश्वर अभयारण्य आणि मिरजेत तंबोरे-सतार बनवणाऱ्यांच्या गल्ल्या. शेवटचं ठिकाण अजून फारशा शाळा घेत नाहीत. सहल खातं मिळालं असेल तर तिथे वीस-वीसच्या गटाने जायचं सुचवा, कारण त्या दुकानांत एका वेळी त्याहून जास्त मुलं मावत नाहीत.

७. आनंद बाजार

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी किंवा त्याच आठवड्यात भरतो. चार-पाच जणांचा एक स्टॉल. घरी शिजवलेल्या पदार्थांत धोका असतो: इडली सकाळी सहाला केलेली, दुपारी एकपर्यंत आंबते. कोरडा किंवा जागेवर कालवायचा पदार्थ घ्या. भेळ सगळ्यात सुरक्षित, आणि सांगलीत असाल तर भडंग आहेच.

५० प्लेट भेळेचा हिशोब असा:

- चुरमुरे दीड किलो
- फरसाण १ किलो
- कांदे सव्वा किलो, घरूनच बारीक चिरून झाकण लावून
- चिंच-गुळाची चटणी १ लिटर, हिरवी चटणी अर्धा लिटर
- कोथिंबीर दोन जुड्या, लिंबं दहा
- कागदी प्लेट ६०, चमचे ६०

एकदम कालवू नका. चार-चार प्लेटचा घाणा घ्या, नाहीतर चुरमुरे मऊ पडतात आणि शेवटचं गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. किंमत ठरवताना सामानाचा खर्च पन्नासने नाही, चाळीसने भागा. दहा प्लेट मित्र, सर आणि सांडासांडीत जातात. सुट्टे पैसे आदल्या दिवशी आणा. पैसे घेणारा एकच असावा आणि त्याने पदार्थाला हात लावू नये. पहिल्या सुट्टीच्या आधी निम्मा माल विकला गेला नाही तर लगेच ओरडायला दोघांना बाहेर पाठवा. दुपारी भाव पाडून फायदा होत नाही, तोवर सगळ्यांचे खाऊचे पैसे संपलेले असतात.

८. गॅदरिंग

डिसेंबर अखेर किंवा जानेवारी. तयारी मात्र दिवाळीची सुट्टी संपल्यावर लगेच.

*गाणं ठरवणं.* चार मिनिटांच्या आतलं. सांस्कृतिक प्रमुखांकडे तीन पर्याय द्या, कारण पहिलं गाणं हमखास दुसऱ्या वर्गाने घेतलेलं असतं. ज्याने आधी लेखी दिलं त्याचं गाणं, असाच नियम सगळीकडे चालतो. गाण्याचे सगळे शब्द नीट ऐका. मधल्या एका ओळीपायी रंगीत तालमीला नाच रद्द झाल्याचं प्रत्येक शाळेत कुणी ना कुणी सांगेल.

*संख्या.* आठ ते बारा जणं. सोळा झाले की एकाच वेळी सगळे सरावाला कधीच येत नाहीत, आणि शाळेच्या स्टेजवर मागच्या चौघांना कुणी बघतही नाही.

*कपडे.* ड्रेपरीवाल्याकडे तीन आठवडे आधी जा. जानेवारीत सगळ्या शाळांची गॅदरिंग एकदम येतात आणि नऊवारी, धोतर, फेटे उरत नाहीत. मापं लिहून न्या. अनामत रकमेची पावती घ्या, आणि कपडे घेतानाच फाटकं-डागाळलेलं दाखवून पावतीवर लिहून घ्या, नाहीतर परत करताना तो डाग तुमचा ठरतो. शक्य तिथे घरचे कपडे वापरा. आईची नऊवारी भाड्याच्या शिवलेल्या नऊवारीपेक्षा छान दिसते, फक्त नेसवणारं कुणीतरी हवं.

*आवाज.* गाणं पेन ड्राईव्हवर एमपीथ्रीमध्ये. दोन पेन ड्राईव्ह, दोन्ही साउंडवाल्याच्या मशीनवर आदल्या दिवशी वाजवून बघितलेले. फाईलला कार्यक्रमातला क्रमांक द्या. मोबाईलवरून थेट इंटरनेटवरचं गाणं लावणं म्हणजे स्टेजवर मुली हात जोडून उभ्या आणि स्पीकरवर जाहिरात. फोन लावायचाच झाला तर विमान मोडवर.

*वेळ.* संचालन तुमच्याकडे असेल तर हे गणित करा. तीन तासांचा कार्यक्रम म्हणजे १८० मिनिटं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, सत्कार, पाहुण्यांचं मनोगत, बक्षिसं, आभार यांत ५० मिनिटं जातात आणि पाहुणे लांबले की ६०. उरलेली १२०. एक नाच चार मिनिटं, त्याच्यामागे आवराआवर दोन. म्हणजे वीस कार्यक्रम. यादीत तीस असतील तर शेवटचे दहा प्रेक्षकांविना होतात, आणि त्या यादीत नेहमी आठवीच असते. म्हणून निवड चाचणीलाच वीस ठरवा. आणि रात्री दहानंतर स्पीकर चालत नाही, हे सरांना माहीत असतं, पाहुण्यांना नसतं.

*वीज.* हॅलोजन, साउंड आणि चहाची शेगडी एकाच प्लगवर लावली की फ्यूज जातो. साउंडवाल्याला वेगळी लाईन मागा.

*नाटक* बसवत असाल तर संहितेच्या लेखकाची परवानगी आणि मानधन हे आधी विचारा. सांगलीकडे नाटकाची परंपरा मोठी आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये इथेच 'सीता स्वयंवर' केलं आणि ५ नोव्हेंबर रंगभूमी दिन म्हणून पाळतात. त्यामुळे इथल्या पालकांत जुने नट, मेकअपवाले, नेपथ्यवाले सापडतात. एकदा विचारून बघा, बहुतेक जण फुकट येतात. वेळ पंचवीस मिनिटांच्या वर नको, पात्रं सहा, आणि माईक स्टेजच्या पुढच्या कडेला खाली ठेवलेले. हातात माईक घेऊन केलेलं नाटक भाषणासारखं होतं.

*फिशपाँड* म्हणजे एकमेकांची गंमत करणाऱ्या, स्टेजवरून वाचायच्या चिठ्ठ्या असतील तर त्या आधी एका शिक्षिकेने वाचाव्यात. रंग, वजन, बोबडं बोलणं, घरची परिस्थिती, मुलगा-मुलगी जोड्या यांवरच्या चिठ्ठ्या सरळ फाडा. असल्या चिठ्ठीमुळे दुसऱ्या दिवसापासून शाळेत न आलेली मुलं असतात. नाचांचे व्हिडिओ रील्सवर टाकताना त्यातल्या प्रत्येकीला विचारून टाका.

९. प्रमाणपत्रं आणि नववीची तयारी

मिळालेलं प्रत्येक प्रमाणपत्र त्याच आठवड्यात बघा: नाव, इयत्ता, तारीख, शिक्का, सही. चूक असेल तर आयोजक लगेच दुरुस्त करतात, वर्षाने कुणी सापडत नाही. लॅमिनेशन करू नका, मागच्या बाजूला पुढे साक्षांकनाचा शिक्का लागू शकतो.

चित्रकला आवडत असेल तर सरकारी चित्रकला परीक्षांपैकी एलिमेंटरी आठवीत आणि इंटरमिजिएट नववीत द्या. दोन दिवसांत चार पेपर असतात, अर्ज शाळेतूनच पहिल्या सत्रात भरतात. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात: अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३. खेळ, शास्त्रीय नृत्य-गायन आणि लोककला यांचेही गुण आहेत, पण ते आपोआप लागत नाहीत. दहावीत असताना शाळेमार्फत प्रस्ताव जावा लागतो, आणि कोल्हापूर विभागीय मंडळाकडे तो मुदतीत पोहोचावा लागतो. नववीच्या मे महिन्यातच क्लार्कसाहेबांकडून नमुना अर्ज घेऊन ठेवा आणि प्रमाणपत्रांच्या दोन झेरॉक्स त्याला टाचून त्याच जूनच्या फाईलमध्ये टाका.